गावच्या बंद घरासाठी सीसीटीव्हीचं कोटेशन आलंय. त्यातल्या डीव्हीआर, एमपी, एमएम, एच.२६५, आयपी६७ या शब्दांचा अर्थ काय?

तुमचं घर राजापूरच्या बाजूला, तुम्ही डोंबिवलीला, घर वर्षातले दहा महिने बंद. कोटेशनमध्ये ‘२ एमपी आयआर बुलेट, ३.६ एमएम, ४ नग. ४ चॅनल डीव्हीआर, एच.२६५, १ टीबी हार्ड डिस्क, आयपी६७, मोबाईल व्ह्यू’ एवढं लिहून खाली रक्कम. रक्कम सोडून काही कळलं नाही म्हणता. मी देवगड तालुक्यात १४ वर्षं कॅमेऱ्यांचं फिटिंग करतोय. पहिली काही वर्षं मलाही यातलं निम्मंच कळत होतं.

गिऱ्हाईक एमपीपासून सुरुवात करतं. मी १ टीबीपासून करतो, कारण तिथे मी एकदा तोंडघशी पडलोय. एका चाकरमान्यांच्या घरी मे महिन्यात चार कॅमेरे लावले. “रेकॉर्डिंग किती दिवस राहणार?” त्यांनी विचारलं. “महिनाभर आरामात,” मी बोलून गेलो. गणपतीला मंडळी आली तर माजघरातलं तांब्याचं घंगाळ आणि दोन समया गायब. रेकॉर्डर उघडला, सगळ्यात जुनं रेकॉर्डिंग ११ दिवसांपूर्वीचं. चोर त्याच्या आधीच येऊन गेला होता. डिस्क भरली की रेकॉर्डर सर्वांत जुनं पुसून त्या जागी नवं लिहितो, त्याला ओव्हरराईट म्हणतात. तो बिघाड नाही, तशीच रचना आहे. चूक माझी होती, मी हिशेबच केला नव्हता.

हिशेब शाळेतला आहे. कॅमेरा दर सेकंदाला किती माहिती लिहितो तो बिटरेट. समजा २ एमबीपीएस, म्हणजे सेकंदाला दोन मेगाबिट. दिवसाचे ८६,४०० सेकंद, गुणिले २, भागिले ८ (आठ बिटांचा एक बाइट), म्हणजे २१,६०० एमबी. एका कॅमेऱ्याचे दिवसाला २१.६ जीबी. चार कॅमेऱ्यांचे ८६ जीबी. १ टीबी म्हणजे १,००० जीबी. भागून बघा, जेमतेम साडेअकरा दिवस. तुम्ही गणपती, शिमगा आणि मे असे तीनदा घर उघडणार, तर निदान ४ टीबी सांगा. तेवढ्यातही दीड महिनाच निघतो, म्हणून मधे मोबाईलवरून रेकॉर्डिंग बघत राहायचं, ते पुढे सांगतो.

आता एच.२६५. व्हिडिओ दाबून लहान करायची ही पद्धत. एच.२६४ हे २००३ मधलं, एच.२६५ हे २०१३ मधलं. नव्यात साधारण निम्म्या बिटरेटमध्ये तेवढंच चित्र बसतं. युक्ती साधी आहे. अधूनमधून एक पूर्ण चित्र ठेवायचं (आय-फ्रेम), आणि मधल्या चित्रांत आधीपेक्षा जे बदललं तेवढंच लिहायचं (पी-फ्रेम). मुंबईच्या बंद जिन्यात काहीच हलत नाही, तिथे हे झकास चालतं. आपल्याकडे आषाढात पाऊस आडवा येतो, माडाच्या झावळ्या थांबत नाहीत, म्हणजे चित्रातला कण न् कण बदलतोय. सेटिंगमध्ये व्हीबीआर, म्हणजे बदलता बिटरेट ठेवला असेल तर डिस्क भराभर भरते. सीबीआर, म्हणजे ठरलेला बिटरेट असेल तर डिस्क वाचते, पण चित्राचे चौकोन चौकोन पडतात. मी सीबीआरच ठेवतो, कारण दिवसांचा हिशेब हातात राहतो. एफपीएस, म्हणजे सेकंदाला किती चित्रं, ते २५ वरून १५ वर आणतो. माणूस चालताना दिसायला १५ पुष्कळ झाले.

‘मोशन रेकॉर्डिंग ठेवा, डिस्क वाचेल’ असंही कुणी सांगेल. हालचाल झाली तरच लिहायचं, असा त्याचा अर्थ. पण झावळीचं हलणं आणि माणसाचं हलणं साध्या मोशनला सारखंच. स्क्रीनवर चौकोनांची जाळी येते, त्यातून माड, केळी आणि रस्ता वगळून फक्त पडवी आणि खळं ठेवलं तर काही अर्थ आहे. नाहीतर रात्रभर मोबाईलवर सूचना येतील आणि आठवड्याभरात तुम्हीच त्या बंद कराल. बंद घराला मी चोवीस तास रेकॉर्डिंग लावतो.

एमपी (मेगापिक्सेल) आणि एमएम (लेन्सचे मिलीमीटर) हे शब्द जोडीनेच वाचायचे. २ एमपी म्हणजे १९२० गुणिले १०८० ठिपके, साधारण वीस लाख. ते ठिपके किती रुंद जागेवर पसरणार, हे लेन्सचा एमएम ठरवतो. आकडा लहान तेवढं दृश्य रुंद आणि माणूस बारीक. अनोळखी माणसाचा चेहरा खात्रीने पटवायला एका मीटरला २५० ठिपके लागतात, असं युरोपीय मानक सांगतं. ओळखीचा माणूस कळायला १२५ चालतात, आणि ‘कुणीतरी आहे’ एवढं समजायला २५ पुरतात. १९२० भागिले २५० म्हणजे पावणेआठ मीटर रुंदीचं दृश्य. २.८ एमएम लेन्सला एवढी रुंदी अवघ्या तीन मीटरवर येते, ३.६ ला चार मीटरच्या आसपास, ६ एमएमला आठेक मीटरवर. म्हणजे कोटेशनमधल्या कॅमेऱ्यात दहा मीटरवरच्या गेटातून कुणीतरी शिरलं हे दिसेल, पण त्याचा चेहरा पोलिसांना उपयोगाचा नसेल. एक कॅमेरा ६ एमएमचा घ्या आणि तो गेट किंवा पायवाट जिथे अरुंद होते तिथे रोखा. बाकीचे तीन राहू द्या तसेच.

आयआर म्हणजे अवरक्त दिवे, काळोखात बघायला. ८५० नॅनोमीटरचे असतील तर काळोखात कॅमेऱ्यावर लालसर ठिपके दिसतात, ९४० चे दिसत नाहीत, पण त्यांचा पल्ला कमी. ‘आयआर ३० मीटर’ म्हणजे उजेड तिथवर पोचतो, चेहरा नव्हे. आणि कोकणात आयआरचा खरा वैरी कोळी. कॅमेऱ्यावर कोळी येतो, जाळं काचेसमोर, आणि ते जाळं रात्री ट्यूबलाईटसारखं पांढरं झळकतं. मागची सगळी वाडी काळीकुट्ट. शेजारच्या कुणाला तरी महिन्यातून एकदा केरसुणी फिरवायला सांगून ठेवा. कोटेशनमध्ये याचा उल्लेख कधीच नसतो.

डब्ल्यूडीआर, म्हणजे ऊन आणि काळोख दोन्ही एकाच चित्रात नीट दाखवायची सोय, हा शब्द तुमच्या कोटेशनमध्ये नाही, तो घालायला लावा. खळ्यात कडक ऊन आणि पडवीत काळोख असं दृश्य असेल तर साध्या कॅमेऱ्यात माणूस नुसती काळी आकृती दिसतो. खरा डब्ल्यूडीआर १२० डीबीचा असतो. ‘डीडब्ल्यूडीआर’ लिहिलं असेल तर ती नुसती सॉफ्टवेअरची मलमपट्टी.

आयपी या दोन अक्षरांनी मात्र सगळ्यांना छळलंय. ‘आयपी कॅमेरा’ म्हणजे नेटवर्कवर चालणारा. ‘आयपी६७’ म्हणजे धूळ आणि पाणी आत शिरू न देण्याची क्षमता. दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही. तुमचे कॅमेरे आयपी६७ आहेत, आयपी नाहीत. ६७ म्हणजे धूळ पूर्ण बंद आणि मीटरभर पाण्यात अर्धा तास ठेवला तरी आत पाणी नाही. खाऱ्या वाऱ्याबद्दल तो आकडा अवाक्षर बोलत नाही. आपल्याकडे कॅमेरा टिकतो आणि मागची जोडणी हिरवी पडून मरते. जोड प्लॅस्टिकच्या बंद डबीत हवा, स्क्रू स्टेनलेसचे हवेत, आणि वायर डबीत शिरण्याआधी खाली झोळ देऊन वर आणलेली हवी, म्हणजे पाणी तिथूनच ठिबकतं.

डीव्हीआर आणि एनव्हीआर हे दोन्ही रेकॉर्डरच, फरक मेंदू कुठे आहे याचा. डीव्हीआरला कॅमेरा नुसतं चित्र पाठवतो, दाबायचं काम रेकॉर्डर करतो. एनव्हीआरच्या कॅमेऱ्यात ते काम जागेवरच होतं आणि नेटवर्कच्या एकाच वायरीतून करंटही जातो, त्याला पीओई म्हणतात. मर्यादा १०० मीटर. चार कॅमेऱ्यांच्या घराला डीव्हीआर बरा, स्वस्त पडतो. त्याची वायर, आम्ही ‘थ्री प्लस वन’ म्हणतो ती, जाड तांब्याची घ्या. बारीक वायरीत रात्री आयआर पेटले की व्होल्टेज पडतं आणि कॅमेरा बंद-चालू होत राहतो. दिवसा सगळं छान. असा रात्रीच ‘खराब’ होणारा कॅमेरा मी कैकदा परत जोडून दिलाय, नवा न विकता.

मोबाईल व्ह्यूबद्दल एक गैरसमज. मोबाईलवर दिसतं ते बहुधा सबस्ट्रीम, हलकी प्रत. डिस्कवर उतरतं ते मेनस्ट्रीम. त्यामुळे मोबाईलवर धूसर दिसलं म्हणून फिटिंगवाल्याशी भांडू नका, आणि मोबाईलवर लाईव्ह दिसतंय म्हणून डिस्कवर उतरतंय असंही धरू नका. डिस्क मेलेली असतानाही लाईव्ह छान दिसतं. दर रविवारी डोंबिवलीतूनच प्लेबॅक उघडून कालची एखादी वेळ बघायची. पासवर्ड पहिल्या दिवशी बदला. २०१६ मध्ये मिराई नावाच्या व्हायरसने जगभरचे असे कॅमेरे आणि रेकॉर्डर कंपनीचाच पासवर्ड वापरून ताब्यात घेतले होते.

प्लेबॅकमध्ये तारीखही बघा. रेकॉर्डरमधला नाण्याएवढा सेल संपला आणि लाईट गेली की घड्याळ कुठल्या कुठे जातं. क्लिप पुरावा म्हणून द्यायची वेळ आली तर १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे सोबत प्रमाणपत्र द्यावं लागतं, त्यात फाइलचं हॅश, म्हणजे तिच्या बोटांचा ठसाच म्हणा, नोंदवायचं असतं. तिथे चोरी श्रावणातली आणि क्लिपवर तारीख जानेवारीची, असं झालं तर तुम्हीच समजावत बसाल.

इन्व्हर्टर कोटेशनमध्ये दिसत नाही. तो घ्याल तेव्हा राऊटरही त्यावरच जोडायला सांगा, नाहीतर रेकॉर्डिंग चालू आणि तुम्हाला दिसत काही नाही. गेटपासून पडवी किती पावलं आणि घराचं तोंड कुठल्या दिशेला, एवढं कळवा, म्हणजे ६ एमएमवाला नेमका कुठे ठोकायचा ते सांगतो.