वडिलांना एलव्हॅड बसवावा का? – उत्तर

वडील ६४ वर्षांचे, हृदयाचं पंपिंग २० टक्क्यांवर, औषधांनी भागत नाही आणि डॉक्टर एलव्हॅड (हृदयाला मदत करणारा, शरीरात बसवायचा यांत्रिक पंप) सुचवतायत. बसवावा का, असं तुम्ही विचारलंय. मी डॉक्टर नाही. आम्ही कोथरूडला राहतो, आईला हा पंप बसवून दोन वर्षं होत आली, त्या अनुभवावर लिहितोय.

पंप फक्त डाव्या बाजूला हात देतो. म्हणून उजवी बाजू कितपत तग धरेल, हे आधी विचारा. मग विचारा, प्रत्यारोपणासाठी हृदय मिळेपर्यंतची सोय की कायमचा? आईचा कायमचा आहे. हार्टमेट ३ या एलव्हॅडच्या मोठ्या चाचणीत ५ वर्षांनी ५८ टक्के रुग्ण हयात होते. खर्च कोटीच्या घरात जातो. अंदाज लेखी घ्या.

आमची खरी परीक्षा घरी आल्यावर सुरू झाली. पोटातून एक वायर बाहेर येते, ती कमरेच्या कंट्रोलरला (पंप चालवणारा छोटा डबा), आणि कंट्रोलर दोन बॅटऱ्यांना. आता साडीच्या निऱ्या कुठे खोचायच्या? आईने महिनाभर हट्ट केला, मग गाऊनवर आली. (तुमच्याकडे हा प्रश्न पायजम्याच्या नाडीचा असेल.) वायरीच्या तोंडाशी जंतुसंसर्ग झाला तर तो पंपापर्यंत पोचू शकतो, म्हणून ड्रेसिंग मास्क लावून मीच करतो. पोहणं कायमचं बंद. बॅटऱ्यांची भरलेली जोडी १७ तासांपर्यंत चालते. बदलताना एकावेळी एकच बॅटरी काढायची, दोन्ही कधीच नाही. झोपताना पंप घरच्या विजेवर असतो. गुरुवारी वीज बंद राहणार असा मेसेज आला, की बुधवारी रात्रीच आमच्याकडे सगळ्या बॅटऱ्या चार्जिंगला लागतात.

रक्त पातळ ठेवायला वॉरफरिन आणि नियमित आयएनआर (रक्त किती पातळ आहे ते दाखवणारी) तपासणी. पालेभाजीतल्या व्हिटॅमिन के मुळे वॉरफरिनचा परिणाम कमी होतो; म्हणून ती बंद नाही, पण एक दिवस वाडगाभर अळूचं फदफदं आणि पुढे पंधरा दिवस काहीच नाही, असं चालत नाही.

आणि नाडी! रक्त सलग वाहतं, त्यामुळे ती बहुतेकदा हाताला लागत नाही. आईला एकदा चक्कर आली तेव्हा शेजारच्या डॉक्टरांनी मनगट धरलं आणि त्यांचाच चेहरा पांढरा पडला. तेव्हापासून तिच्या पर्समध्ये मराठीत चिठ्ठी आहे: ‘हृदयाला पंप आहे. नाडी लागणार नाही. छातीला स्टेथोस्कोप लावून घरघर ऐका.’ खाली माझा आणि पंपाच्या टीमचा नंबर.