पहिला महागडा पेन: कन्व्हर्टर, पिस्टन की व्हॅक्युम?

पहिला महागडा फाउंटन पेन घ्यायचाय, पण शाई भरायची कुठली पद्धत निवडावी हा प्रश्न पडलाय? अभिनंदन, छान वळणावर आला आहात! पिस्टन म्हणजे भारी आणि कन्व्हर्टर (शाई ओढून घेणारी, पेनातून काढता येणारी छोटी नळी) म्हणजे स्वस्तातलं हा समज आधी डोक्यातून काढा, प्लॅटिनम ३७७६ किंवा पायलट कस्टम ७४ सारखे सोन्याच्या निबचे सुंदर पेन कन्व्हर्टरवरच चालतात, आणि शाई सारखी बदलून बघायची हौस असेल (सुरुवातीला असतेच, असू दे) तर धुवायला त्याच्याइतकं सोपं काही नाही.

पिस्टन, म्हणजे पेलिकन एम८०० किंवा माँटब्लाँ १४९, मागची नॉब फिरवली की शाई थेट बॅरलमध्ये, म्हणजे पेनाच्या पोटातच. पेलिकन हे १९२९ पासून करतंय. शाई जास्त मावते, पण रंग बदलायचा तर पाणी भरा-सोडा करत बसावं लागतं.

व्हॅक्युममध्ये (मागचा दांडा बाहेर ओढून परत दाबला की निर्वात पोकळीमुळे शाई आत खेचली जाते) पायलट कस्टम ८२३ घ्या, एका दाबात साधारण दीड मिली शाई येते. पण मागची नॉब बंद असली की निबकडे जाणारी शाई अडते, त्यामुळे सलग पानंच्या पानं लिहिताना ती थोडी सैल करायची. नवीन लोकांना वाटतं पेनच खराब निघाला!

नेहमीच्या चुका:
- नुसतं निबचं टोक बुडवणं, अख्खी निब बुडायला हवी
- पिस्टन पेनात चमकीची शाई भरणं
- जड लागला तरी पिस्टन जोर लावून फिरवणं
- गरम पाण्याने धुणं

पेन उघडून ग्रीस लावणं वगैरे आत्ता अजिबात नको. एकच विचारा स्वतःला, शाई किती वेळा बदलणार? महिन्यातून दोन-तीनदा असेल तर बिनधास्त कन्व्हर्टर घ्या.