पाकिस्तानातल्या ख्रिस्ती लोकांसाठी नेमकी काय प्रार्थना करायची? आणि इथे बसून करून उपयोग काय?

विचारणाऱ्यांनी लिहिलंय की जडांवालाबद्दल (पाकिस्तानी पंजाबातलं गाव, २०२३ मध्ये तिथे जमावाने चर्च आणि ख्रिस्ती लोकांची घरं जाळली) वाचल्यापासून तिथल्या ख्रिस्ती लोकांसाठी प्रार्थना करावीशी वाटते, पण "देवा त्यांना सांभाळ" याच्या पुढे काही सुचत नाही, आणि शिवाय इथे घरात बसून प्रार्थना केली तर तिथे कोणाचं काय भलं होणार अशी शंका पण येते. मी नगरकडची (आता अहिल्यानगर म्हणायचं, पण तोंडात नगरच बसलंय), आमच्या मंडळीच्या प्रार्थनासभेत हा विषय अधूनमधून निघतो, म्हणून जमेल तसं लिहिते.

सुचत नाही याचं कारण माझ्या मते भक्ती कमी पडते हे नाही, माहिती कमी पडते. "छळ होतोय" एवढंच डोक्यात असेल तर प्रार्थना पण तेवढीच होणार ना.

आसिया बीबीचं नाव बहुतेकांनी ऐकलेलं असतं, पण ते प्रकरण सुरू कशावरून झालं ते विचारा, सांगता येत नाही. जून २००९, पाकिस्तानी पंजाबातलं इटांवाली गाव, शेतात फालसे तोडायचं काम चाललेलं, बायका मजुरीवर, ऊन मरणाचं. ही पाणी आणायला गेली आणि तिथल्याच भांड्याने स्वतः पण प्यायली. बरोबरच्या काही बायका म्हणाल्या तू ख्रिस्ती, तुझ्या हातचं पाणी आम्हाला चालत नाही. त्यावरून बाचाबाची झाली, आणि पुढच्या काही दिवसात त्या बाचाबाचीचं झालं काय तर हिने पैगंबरांचा अपमान केला. २०१० मध्ये फाशीची शिक्षा सुनावली. ३१ ऑक्टोबर २०१८ ला तिथल्या सुप्रीम कोर्टाने साक्षीदारांच्या जबान्या एकमेकींशी जुळत नाहीत वगैरे कारणं देऊन तिला निर्दोष सोडलं, म्हणजे नऊ वर्षं गेलीच, आणि निर्दोष सुटली तरी देशात राहण्याची सोय उरली नाही, २०१९ मध्ये कॅनडाला जावं लागलं.

महाराष्ट्रातल्या माणसाला हे वाचून महाडचं तळं आठवलं नाही तरच नवल. आणि ते आठवणं बरोबरच आहे, कारण पंजाबातले बहुतेक ख्रिस्ती १८७० नंतर सियालकोटच्या बाजूला जी मोठी धर्मांतरं झाली त्यातून आलेले, आणि ज्या समाजातून आले त्या समाजाच्या वाट्याला पिढ्यानपिढ्या गावची घाण काढायचं काम होतं. धर्म बदलला, देश नवा झाला, झाडू काही सुटला नाही. सफाई कामगारांच्या भरतीच्या सरकारी जाहिरातीत "फक्त बिगरमुस्लिमांसाठी" असं चक्क छापून आलेलं आहे. आमच्या नगर जिल्ह्यात पण अमेरिकन मराठी मिशनच्या काळात महार-मांग वस्त्यांमधूनच माणसं मंडळीत आली, माझ्या पणजोबांचं घर त्यातलंच, त्यामुळे मला हे परक्या देशाचं काही वाटत नाही. (कराचीतले ख्रिस्ती थोडे वेगळे, तिथे गोवेकर खूप, शिकलेले, नोकरी-शाळा-बँडवाले. कार्डिनल जोसेफ कूट्स गोवेकर घराण्यातलेच. पण तिकडच्या ख्रिस्ती लोकांत बहुसंख्य पंजाबीच, २०२३ च्या जनगणनेत सगळे मिळून ३३ लाखांच्या आसपास.)

तर प्रार्थनेत काय मागायचं. वीटभट्टीवरच्या कुटुंबांसाठी मागा. तिथे कामगार मालकाकडून आगाऊ रक्कम घेतात, तिला पेशगी म्हणतात, आपल्याकडे ऊसतोडवाल्यांची उचल असते तीच गत, फिटता फिटत नाही आणि बापाचं कर्ज पोराच्या डोक्यावर येतं. वेठबिगारी बंद करणारा कायदा १९९२ चा आहे, कागदावर. त्या कुटुंबांची पेशगी फिटावी, पोरं शाळेत जावीत, गटारात उतरणाऱ्याला मास्क आणि दोर मिळावा, पगार वेळेवर व्हावा असं मागा. देवापुढे पगाराची गोष्ट काढायला लाज कसली, आपण आपल्या पगारासाठी नाही का मागत? ज्या अल्पवयीन मुलींना पळवून नेऊन धर्म बदलायला लावून निकाह लावले जातात त्यांच्या आयांसाठी मागा, त्या पोलीस ठाण्यात जातात तेव्हा मुलीचं वय सिद्ध करण्यातच जीव मेटाकुटीला येतो, जन्मदाखला दाखवला तरी कधीकधी ऐकत नाहीत.

मग कायदा. पाकिस्तानच्या दंडसंहितेतलं कलम २९५-ब आणि २९५-क, ही दोन्ही लष्करशहा झिया-उल-हकच्या काळात घातलेली, १९८२ आणि १९८६ मध्ये. पहिल्यात कुराणाच्या विटंबनेला जन्मठेप, दुसऱ्यात पैगंबरांच्या अपमानाला फाशी. सरकारने आजवर या कलमाखाली कोणाला प्रत्यक्ष फासावर चढवलेलं नाही, पण त्याची गरजच पडत नाही, नुसता आरोप झाला की जमाव गोळा होतो. १६ ऑगस्ट २०२३ ला जडांवालात तेच झालं, कुराणाची पानं फाडल्याचा आरोप दोन भावांवर, मशिदीच्या भोंग्यावरून पुकारा, आणि दिवसभरात २० पेक्षा जास्त चर्च आणि ८० च्या आसपास घरं जाळली-फोडली. माणसं पोराबाळांना घेऊन उसात लपली, कित्येकांनी रात्र तिथेच काढली. म्हणून मी जामीन, तारखा, खालच्या कोर्टातले न्यायाधीश असे रुक्ष विषय पण घेते. खालच्या कोर्टातला माणूस घाबरतो, त्यालाही बायकापोरं आहेत, "सोडलं" असं लिहायला धैर्य लागतं.

आणि हे धैर्य दाखवणारे फक्त ख्रिस्ती नाहीत हे लक्षात ठेवा. आसियाची बाजू घेतली म्हणून पंजाबचे गव्हर्नर सलमान तासीर यांना ४ जानेवारी २०११ ला त्यांच्याच अंगरक्षकाने गोळ्या घातल्या, ते मुसलमान होते. दोन महिन्यांनी, २ मार्चला, शाहबाज भट्टी यांनाही गोळ्या घालून मारलं, मंत्रिमंडळातले एकटे ख्रिस्ती मंत्री. आसियाचे वकील सैफुल मलूक, तेही मुसलमान, त्यांनाही निकालानंतर काही दिवस देश सोडावा लागला. या कायद्याखाली अडकलेल्यांत खुद्द मुसलमानच संख्येने भरपूर आहेत, जमिनीचा वाद, उधारी, शेजाऱ्याशी भांडण, काहीही कारण पुरतं. त्यामुळे "देवा त्यांना मुसलमानांपासून वाचव" ही प्रार्थना मला पटत नाही, खोटी पडते. प्रभूने वैऱ्यांसाठी प्रार्थना करायला सांगितलंय ते तर आहेच, पण इथे अर्धे लोक वैरी पण नाहीत. स्पष्टच बोलते, आपल्याकडे काहीजण पाकिस्तानातल्या ख्रिस्ती लोकांचा कळवळा फक्त इथल्या मुसलमानाला टोमणा मारायला काढतात, आणि इथल्या एखाद्या चर्चवर दगड पडला की तेच मूग गिळून बसतात. तुम्ही तसे वाटत नाही, पण प्रार्थनेच्या ग्रुपवर असा सूर लागायला लागला तर वेळीच थांबवा.

आता उपयोगाचं. मी प्रार्थना केली म्हणून आसिया सुटली असं म्हणायची माझी छाती नाही. प्रेषितांच्या कृत्यांचा १२ वा अध्याय वाचा. हेरोद याकोबाला तलवारीने मारतो, मग पेत्राला तुरुंगात टाकतो, मंडळी रात्रभर प्रार्थना करते, पेत्र सुटतो. मग याकोबासाठी कोणी प्रार्थना केली नव्हती का? केलीच असणार. अध्यायात याचं उत्तर नाही आणि मी पण ते बनवून देणार नाही. मजा म्हणजे पेत्र सुटून दारात उभा राहतो, रोदा नावाची मुलगी आनंदाच्या भरात दार उघडायचंच विसरून आत पळते, आणि प्रार्थना करणारेच तिला म्हणतात तुला वेड लागलंय. म्हणजे पहिल्या मंडळीचा पण आपल्या प्रार्थनेवर केवढा विश्वास होता बघा, त्यामुळे तुमच्या शंकेचं फार मनाला लावून घेऊ नका, शंकेसकट करा.

पण प्रार्थनेने माझ्यात एक फरक पडला तो सांगते. पूर्वी बातमी वाचून हळहळायचे आणि पुढे स्क्रोल करायचे, आता नाव लक्षात राहतं. आकाश बशीर म्हणून एक विशीतला मुलगा होता, लाहोरच्या यूहानाबादमध्ये चर्चच्या गेटवर स्वयंसेवक म्हणून उभा राहायचा. १५ मार्च २०१५, रविवार, आत उपासना चालू, आत्मघाती बॉम्बवाला आत घुसायला बघत होता, याने त्याला मिठी मारून गेटवरच अडवलं, दोघंही तिथेच गेले, आतली माणसं वाचली. तेव्हापासून आमच्या सभेत गेटवर उभं राहणाऱ्यांसाठी वेगळी प्रार्थना होते. तिकडे दर रविवारी पोरं झडती घेत उभी असतात, आत उपासना चालू असताना ती बाहेर असतात, त्यांना प्रवचन कुठलं ऐकायला मिळणार.

काहीच सुचत नसेल तेव्हा स्तोत्रसंहिता उघडा. तिकडच्या पंजाबी मंडळ्यांमध्ये स्तोत्रंच गातात, शंभरेक वर्षांपूर्वी पंजाबीत पद्यात आणून देशी चालींवर बसवलेली, अंगठेबहाद्दर म्हाताऱ्यांना पण पाठ असतात, त्यांना ते जबूर म्हणतात. १३ वं स्तोत्र घ्या, "कुठवर" "कुठवर" असं देवाला विचारणारं. मराठीत मोठ्याने वाचलंत तरी झालं. मंडळीबरोबर करायचं असेल तर नोव्हेंबरच्या सुरुवातीला एका रविवारी छळ सोसणाऱ्या मंडळीसाठी जगभर प्रार्थना होते, तुमच्या पाळकसाहेबांना आधीच सांगून ठेवा नाहीतर त्या दिवशी नेमकी वार्षिक सभा काढतात.

एक गोष्ट मात्र कटाक्षाने पाळा. ज्याच्यावर ताजा आरोप झालाय त्याचं नाव, फोटो, गावाचा पत्ता असले मेसेज "प्रार्थना करा" म्हणून पुढे ढकलू नका, आणि तिथल्या कोणाला फेसबुकवर "त्याने नक्की काय म्हटलं होतं" असं विचारू तर अजिबात नका. ते शब्द नुसते पुन्हा उच्चारले तरी माणूस गोत्यात येऊ शकतो. फोटो तर बरेचदा दुसऱ्याच देशातले, दुसऱ्याच वर्षीचे असतात. नाव माहीत असेल तर प्रार्थनेत घ्या, देवाला ते पुरतं, ग्रुपवर टाकायची गरज नाही.