पॉप्युलेशन किती ठेवू? आधी बजेट बघ

अरे, डिफरन्शियल इव्होल्यूशनमध्ये (उत्तरांचा गट पिढ्यानपिढ्या सुधारत सर्वांत चांगलं उत्तर शोधायची पद्धत) पॉप्युलेशन, म्हणजे एका पिढीतल्या उमेदवार उत्तरांची संख्या, ५०० केली आणि उत्तर आणखीच बिघडलं म्हणून हिरमुसू नकोस, सुरुवातीला सगळ्यांचंच असं होतं. तुझं बजेट १०,००० फंक्शन कॉल्सचं, म्हणजे उमेदवार उत्तरं एकूण इतक्याच वेळा तपासता येतात. ५०० जणांत वाटलं तर जेमतेम २० पिढ्या मिळतात, ५० जणांत २००. उत्क्रांतीला पिढ्या लागतात रे, नुसती गर्दी नाही.

मग सध्या एवढंच:

- व्हेरिएबल्सच्या ५ ते १० पट पॉप्युलेशनने सुरुवात कर. स्टॉर्न आणि प्राइस यांचा १९९७ सालचा हा अंदाज अजून कामाला येतो.
- सायपाय या पायथनच्या गणिती लायब्ररीतला 'पॉपसाइझ' हा गुणक आहे, एकूण संख्या नव्हे! डीफॉल्ट १५, म्हणजे १० व्हेरिएबल्सना १५० जण. तिथे १०० टाकलंस की झाले हजार. माझ्या दोन रात्री यातच गेल्यात.
- एका रनवर भरवसा नको. वेगवेगळ्या सीडने (रँडम आकड्यांची सुरुवात ठरवणारा आकडा) निदान दहा रन घे.

प्रत्येक रन लवकर थिजून वेगळ्याच खड्ड्यात, म्हणजे फक्त आसपासच्या भागातल्या किमान मूल्यात, अडकत असेल (रास्ट्रिजिन या असंख्य खड्ड्यांच्या चाचणी-फंक्शनवर हे हमखास दिसतं), तर संख्या दुप्पट कर. बजेट संपेपर्यंत सर्वोत्तम मूल्याचा ग्राफ उतरतच असेल, तर निम्मी करून बघ. एफ (बदलाचं प्रमाण) आणि सीआर (सरमिसळीचं प्रमाण) या सेटिंग्जना इतक्यात हात लावू नकोस.