रूपकात्मक की प्रतीकात्मक?

'ही कथा प्रतीकात्मक आहे' आणि 'ही कथा रूपकात्मक आहे' यांत फरक काय, असा प्रश्न आहे. हल्ली परीक्षणांत हे दोन्ही शब्द सर्रास एकमेकांच्या जागी वापरले जातात, पण फरक आहे आणि तो जपायला हवा.

प्रतीक सुटं असतं. कथेत एखादी कायम बंद खिडकी येते, घुसमट सुचवते आणि कथा आपल्या वाटेनं पुढे जाते. रूपककथेत अख्खं कथानकच दुहेरी विणीचं असतं. पात्रं, त्यांची आपसांतली नाती, घटनांचा क्रम, सगळ्यालाच दुसरा अर्थ असतो.

संत एकनाथांचं 'विंचू चावला' हे भारूड बघा. विंचू म्हणजे कामक्रोध, हे नाथ सुरुवातीलाच सांगून टाकतात. तिथंच थांबले असते तर तो नुसता रूपक अलंकार झाला असता. पण पुढे विंचू उतरवण्याची सगळी रीत येते. अंगाला घाम सुटतो तो तमाचा, उतारा म्हणजे तमोगुण मागे सारणं, अंगारा सत्त्वगुणाचा. आणि मग 'किंचित् राहिली फुणफुण'! विंचू उतरला तरी ठणका थोडा मागे राहतोच, आणि राग आवरला तरी आत काहीतरी धुमसत असतं. दोन्हीकडे इतकी चपखल बसणारी ओळ मला दुसरी आठवत नाही. ती फुणफुण शेवटी शांत करतात ते गुरू जनार्दन.

खाडिलकरांचं 'कीचकवध' (१९०७) राजकीय रूपकाचा नमुना. रंगमंचावर विराटाचा दरबार, पण प्रेक्षकांना कीचकात लॉर्ड कर्झन दिसे, द्रौपदीत हिंदुस्थान, युधिष्ठिरात मवाळ आणि भीमात जहाल. कीचकाला कर्झन ठरवून नाटक थांबलं असतं तर तो निव्वळ टोमणा ठरला असता. सबुरीचा सल्ला देणारा थोरला भाऊ आणि न ऐकणारा धाकटा, या नात्यालाही तेव्हाच्या राजकारणात जागा होती. शेवटी वध होतो, त्याचा अर्थ सरकारलाही कळला. १९१० मध्ये नाटकावर बंदी आली.

अन्योक्ती याहून छोटी, 'लेकी बोले सुने लागे' या जातीची. तिला लांबलचक कथानक लागत नाही.

लिहिताना मात्र नुसतं 'रूपक' लिहू नये. अलंकार, सात मात्रांचा ताल, आकाशवाणीवरचा कार्यक्रम, यांपैकी काहीही समजलं जाईल. 'रूपककथा' किंवा 'रूपकात्मक नाटक' असं पूर्ण लिहावं.