दोजो, आखाडा आणि तालीम

प्रश्न असा आला आहे : "पंचेचाळिशीत मी कराटे शिकायला लागले. व्यायामापेक्षा मन थाऱ्यावर यावं म्हणून. तिथल्या दालनाला मी एकदा सहज 'व्यायामशाळा' म्हटलं, तर सरांनी लगेच सांगितलं, 'व्यायामशाळा नाही, दोजो.' दोजो म्हणजे नेमकं काय? मराठीत 'आखाडा' म्हटलं तर चालेल का?"

ताई, चालेल. माझ्या मते 'आखाडा' हाच सर्वांत जवळचा शब्द आहे, पण त्याचं कारण कुस्तीपुरतं नाही.

आधी दोजो. हा दोन चिनी अक्षरांचा शब्द. 'दो' म्हणजे वाट, मार्ग. चिनी 'दाओ' तो हाच. 'जो' म्हणजे जागा. मार्गाची जागा, एवढा सरळ अर्थ. पण ही जोडी घडली कुठे ते पाहिलं की आपल्याला जरा थांबावंच लागतं. बौद्ध ग्रंथ संस्कृतातून चिनीत जात होते, तेव्हा 'बोधिमंड' या शब्दासाठी ही दोन अक्षरं वापरली गेली. बोधिमंड म्हणजे बोधगयेला पिंपळाखाली सिद्धार्थ जिथे बसला आणि बुद्ध होऊन उठला, ती जागा. म्हणजे तुम्ही रोज संध्याकाळी ज्या दारातून वाकून आत जाता, त्या दारावरचं नाव मुळात बोधगयेच्या एका झाडाखालच्या जमिनीचं आहे. चीनमधून हा शब्द जपानला गेला आणि तिथे बौद्ध साधनेच्या जागेला दोजो म्हणू लागले. तलवारबाजांच्या आणि मल्लांच्या जागेला हे नाव मिळालं ते नंतर.

याच 'दो'मुळे विद्यांची नावंही बदलली. जुन्या नावांच्या शेवटी 'जुत्सु' असे : केनजुत्सु (तलवारबाजी), जुजुत्सु (अंगाला अंग भिडवून केलेली झुंज). जुत्सु म्हणजे कसब, तंत्र. 1882 साली कानो जिगोरो यांनी तोक्योतल्या एइशोजी नावाच्या बौद्ध मंदिरात बारा चटयांची जागा घेऊन शिकवायला सुरुवात केली. आपल्या विद्येला त्यांनी जुदो म्हटलं आणि संस्थेला कोदोकान, म्हणजे 'मार्ग उलगडून सांगण्याची वास्तू'. पाडणं, धरणं, पडताना सावरणं हे सगळं राहिलंच; पण ते कशासाठी शिकायचं, याचं उत्तर नावातच आलं. हा 'दो' चहाविधीत आहे, सुलेखनात आहे, आणि आपण ज्याला आर्य अष्टांगिक मार्ग म्हणतो त्याच्या जपानी नावातही आहे : हाश्शोदो. म्हणून 'दो'चं मराठी 'कला' करू नये. 'मार्ग' करावं, भक्तिमार्ग-ज्ञानमार्गातला मार्ग.

एक सावधगिरी मात्र हवी. बोधिमंडाचं नाव आलं म्हणून प्रत्येक दोजो झेन या बौद्ध पंथाचा असतो असं नाही. कित्येक जुन्या दोजोंत दर्शनी भिंतीवर शिंतो, म्हणजे जपानच्या मूळ धर्माच्या, देवघराची फळी असते, आणि तलवारीच्या जुन्या परंपरा काशिमा आणि कातोरी इथल्या शिंतो देवस्थानांशी जोडलेल्या आहेत.

आता आपल्याकडे येऊ. 'व्यायामशाळा' हा चांगला शब्द आहे, पण त्याची हद्द शरीरापाशी संपते. तुमच्या सरांना तेच खटकलं असणार. 'आखाडा' तसा नाही. तो पैलवानांचा आहे तसाच साधूंचाही आहे. सिंहस्थात नाशिक-त्र्यंबकेश्वरला स्नानाला निघतात ते आखाडेच. झुंज आणि साधना या दोन्ही गोष्टी एकाच शब्दाने पेलाव्यात, असा दुसरा शब्द मला तरी मराठीत सापडला नाही. आणि आचारही जुळतो. दोजोत शिरताना वाकून नमस्कार करतात. आपला पैलवान हौद्यात उतरताना तांबडी माती कपाळाला लावतो आणि समोर मारुती असतो.

एक मोह मात्र टाळा. आखाडा हा संस्कृत 'अक्षवाट'वरून आला. त्यातला 'वाट' पाहून "अरे, इथेही मार्गच!" असं वाटू शकतं. तसं नाही. तो वाट म्हणजे कुंपण घातलेली जागा, ज्याच्यापासून आपला 'वाडा' झाला. चालायची वाट आली 'वर्त्मन्'वरून. आणि अक्ष म्हणजे फासे. मूळ अर्थ जुगाराच्या जागेचा! तिथून मल्लांकडे आणि मल्लांकडून साधूंकडे, असा या शब्दाचा प्रवास.

मग 'तालीम'? कोल्हापूरचा माणूस हे विचारणारच. अरबीतून आलेल्या या शब्दाचा मूळ अर्थ शिक्षण. मराठीत तालीम ही जागाही आहे आणि सरावही. पैलवानाचीही आणि नाटकाचीही. जपानीत याला सख्ख्या भावासारखा शब्द आहे : केइको. सुमो मल्ल केइको करतात, नोह नाटकातला नट केइको करतो, चहाविधी शिकणाराही केइकोच करतो. अक्षरशः अर्थ पाहिला तर 'जुन्याचा विचार करणं'. म्हणून मी वाटणी अशी करेन : दोजो म्हणजे आखाडा, केइको म्हणजे तालीम. "आज आखाड्यात दोन तास तालीम झाली" हे वाक्य जपानीत नेलं तर शब्दाला शब्द बसतो.

राहता राहिला उच्चार. 'डोजो' नको, 'दोजो' लिहा. जपानी द आपल्या दाताजवळचाच आहे. 'कराटे'तला टसुद्धा इंग्रजीमार्गे आला, मूळ उच्चार कराते. पण ते रूप आता इतकं रुळलं आहे की मी ते बदलायला जाणार नाही. 'दोजो'तला ज मात्र 'जो-तो'मधला नव्हे, 'जीव'मधला. दोन्ही ओकार थोडे लांबवा.