कवटीवर चेहरा कसा घडवला?

प्रश्न: जेरिको या पॅलेस्टाईनमधल्या प्राचीन वस्तीत सापडलेल्या माणसांच्या कवट्यांवर चेहरे कसे घडवले असतील?

उत्तर: मृताला बहुधा घराच्या जमिनीखाली पुरत आणि मांस गळून गेल्यावर कवटी काढून घेत. ब्रिटिश म्युझियममधल्या अशा एका कवटीला मागून भोक पाडून आत माती ठासली आहे. मी मूर्तिकार आहे, मला हीच युक्ती फार मोलाची वाटते: वरून लेप दाबायचा तर आतून आधार हवाच. त्यावर गिलावा, डोळ्यांच्या जागी शिंपले. खालचा जबडा बऱ्याचदा काढलेला असे, मग हनुवटी वरच्या जबड्यावरच घडवत. म्हणून चेहरे आखूड दिसतात. पण नाकाचा उतार किती हळुवार उतरवलाय! पुरातत्त्वज्ञ कॅथलीन केनियन यांना १९५३ मध्ये अशा सात कवट्या सापडल्या, ९,००० वर्षांहून जुन्या. तिथे तेव्हा मातीची भाजलेली भांडीही नव्हती.